ओत्तु

बेकिनकेऱ्याच्या गावड्यांनी फडकं सोडलं.
आत काळ्या लाखेच्या म्यानात वीतभर सुरी.
"मामांनी पलटणीतून येताना आणली,
ब्रह्मदेशातनं. जपानी आहे म्हणायचे.
त्यांना काही निघाली नाही. आम्हालाही नाही."

खडेबाजारात चाळीस वर्षं कुलपं उघडतोय मी.
याला किल्लीचं भोक नाही, कडी नाही,
मुठीखाली फक्त काळपट तांब्याचा चतुर,
तांदळाएवढा, पंख पसरून बसलेला.
मी ओढली. गावड्यांनी ओढली.
त्यांच्या पोरानं म्यान गुडघ्यांत आवळून ओढली.

शेजारच्या लेथवरून ईरप्पा हात पुसत आला,
जरा वेळ बघून म्हणाला, "ओत्तु."
उद्यमबागेत जन्मभर ओतकाम केलेला माणूस,
ओत म्हणतो तर ओतावं,
म्हणून मी बुदलीतले दोन थेंब सोडले.
चतुर भिजला. बाकी काही नाही.

"ओत्तु की हो, ओत्तु!"
हसत त्यानं माझाच अंगठा धरला,
चतुरावर टेकवून दाबला,
आणि मूठ बाहेर नाही,
आत रेटली.
केसभर.

टक्.
माझ्या दुकानातल्या कुठल्याच कुलपाचा नव्हे असा आवाज.
मग सुरी आपल्याआपण सैल,
पात्यावर मामांच्या वेळचा गंज.

गावड्यांनी ती मिटली, उघडली, परत मिटली.
"सगळे ओढतच बसलो होतो की,"
एवढंच बोलले, आणि पन्नासाची नोट ठेवली.

मी ती ईरप्पाकडे सरकवली.
तो म्हणाला, "तेलाचं कापून घे."