नमुना: रिकामा

मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये, एसीच्या घरघरीत,
कोरान्नेसरांनी पहिल्या दिवशी मला शिकवलं ते इतकंच:
झाकण उघडताना श्वास धर.

मग अकीकाच्या खलात मीठ घोटायला दिलं,
जेवणातलं नव्हे, दाबलं की काचेसारखं होणारं.
त्यात नमुना, मोहरीएवढा.
बडोद्याची आषाढातली हवा
चकतीला बघता बघता धुरकट करते,
म्हणून घाई.

"हा उजेड दिसत नाही," ते म्हणाले,
तव्यावर धरावा तसा तळहात हवेत धरून.
"शेव-उसळीच्या गाडीशी उभं राहिलं
की गालाला कळतो, डोळ्याला नाही.
रेणूतले अणू गप्प बसत नाहीत बरं.
ताणतात, वाकतात, ज्याचा त्याचा ठेका.
नेमक्या त्याच ठेक्याचा उजेड आला
तर ठेवून घेतात. बाकीचा जाऊ देतात.
आपण बघायचं, पलीकडे काय पोचलं नाही."

कागदावर दऱ्या उतरायच्या.
सतराशेच्या पुढची खोल दरी:
कार्बनने ऑक्सिजनला दोन्ही हातांनी धरलेलं.
एकदा एका डब्यातलं तूप
नऊशे सहासष्टला अडकलं, वनस्पतीच्या खाचेत,
आणि व्यापारी बाहेरच्या बाकावर
किल्ल्यांचा जुडगा मोजत बसला.

मी विचारलं, आणि नायट्रोजन?
खोलीत तर जास्त तोच आहे.
"तो सापडत नाही. दोन्ही अणू सारखेच,
कितीही ताणले तरी कुणाकडे झुकत नाहीत.
थरथरतात तेही.
पण उजेड धरायला थरथरताना
तोल थोडा ढळावा लागतो."
खिडकीबाहेर बघत म्हणाले.
मग चहा मागवला.
स्वतःबद्दल ते तेवढंच बोलले असावेत.

मार्गशीर्षात त्यांची खुर्ची स्टोअरमध्ये गेली.
चंदनाचा हार घातलेला फोटो आला, भिंतीवर लागला,
जरा तिरका.

जुन्या फायली पुसायला बसले.
एक आलेख निघाला,
नमुना: रिकामा.
मार्चमधली सकाळ, नऊ वाजून पाच मिनिटं.
चकती नाही, काही नाही,
पण तेवीसशे पन्नासच्या आसपास जोडखाच,
नुसत्या हवेची असते त्याहून खोल.

मला धर म्हणणाऱ्या माणसाने
स्वतः सोडला होता.

यंत्र रोज आधी रिकामी खोली मोजतं,
मग प्रत्येक नमुन्यातून खोली वजा करतं.
मीही तेच करते, पगार त्याचाच मिळतो.

ती एक फाईल ठेवून घेतली.
बाकीच्या जाऊ दिल्या.