लुमिआउरा

केमियार्वीत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
तेव्हा मी उठते. रात्रपाळीचं अंग अजून गाडीतच,
हातात स्टिअरिंगची थरथर.
ओइवा येतो, बूट दारात उलटे टाकतो
आणि पुस्तक टेबलावर ठेवतो,
थकलेलं बिल पुढ्यात सरकवावं तसं.

पहिलीच्या पुस्तकात इकडे शब्द तोडून छापतात.
पो-रो. मेत्-सॅ.
दोन तुकड्यांमध्ये एक आडवी रेघ,
आणि ओइवा प्रत्येक रेघेपाशी थांबतो,
उतरतो, इकडेतिकडे बघतो, पुन्हा चढतो.
वाक्य संपेस्तोवर
त्याची सुरुवात गारठून गेलेली.
"कोण गेलं रे जंगलात?" मी विचारते.
"कुठल्या जंगलात?"

माझा धंदाच असा, समोर येईल ते बाजूला सारायचं.
रोज रात्री एकशे दहा किलोमीटर, जाऊन येऊन.
त्यामुळे भाचा जरा अडला
की माझी जीभ पातं खाली टाकते,
शब्द उचलून कडेला, रस्ता मोकळा,
आणि हा मागून आयता चालत येतो.
आठवडाभर मला वाटलं, पोरगं वाचायला लागलं.

हेल्मिनेनबाईंनी शाळेच्या पायरीवर गाठलं.
बुटांचा बर्फ झाडत म्हणाल्या,
तो अडला की मनात पाच मोजा.
नाहीच आलं तर सांगा, पण वाक्य पुन्हा पहिल्यापासून.
पान रोज तेच. कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही.
आधी दोघांनी एकदम वाचायचं.
एकट्यानं जावंसं वाटलं की त्यानं टेबल ठोकायचं,
आणि तुम्ही गप्प.
हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.
माझी ख्याती पोचली असणार.

पाच मोजणं सोपं नाही.
दोनपर्यंत ठीक. तीनला माझे ओठ हलतात,
चारला तो माझ्या ओठांकडे बघतो, लबाड.
मग मी कॉफीचा कप तोंडासमोर धरायला लागले,
रिकामा असला तरी.

तेच पान. सोमवारी, मंगळवारी,
जहाजावरून त्याच्या आईचा फोन आला त्या बुधवारीही.
एक रेनडिअर पोहण्याच्या तलावावर येतं
आणि तिकिटाच्या बाईंना काय बोलावं कळत नाही.
मला ते रेनडिअर नको नको झालं,
खरी मला रात्री रस्त्यात पुरेशी भेटतात.
ओइवा मात्र गुरुवारी
तिकिटाच्या बाईंचा आवाज काढायला लागला,
नाकातून, आमच्या पोस्टातल्या बाईंसारखा.

ऑक्टोबरातच आम्ही रस्त्याच्या कडांना काठ्या रोवतो,
बर्फाखाली रस्ता कुठे संपतो ते कळावं म्हणून.
नवा ड्रायव्हर काठी न् काठी बघत जातो,
त्याची गाडी नागमोडी.
पुढे कधीतरी नजर लांब पडायला लागते.
काठ्या असतात, पण त्यांच्या जागी.
हे मी ओइवाला सांगितलं नाही.
सांगून कोण शिकलंय?

शनिवारी पान उलटलं.
आमचे आवाज बरोबर चालले होते, त्याचा अर्धं पाऊल मागे,
आणि टेबलावर टक्.
मी थांबले. कप वर.
पुढे चार तुकड्यांचा शब्द उभा होता,
लु-मि-आउ-रा.
बर्फाचा नांगर. म्हणजे मीच, सतरा टनांची.
एक.
दोन.
"लुमिआउरा येते," तो म्हणाला, एका दमात,
"आणि रेनडिअरला हॉर्न देते."
मग मान वर करून, "तू खरंच देतेस?"

देते, मी कपातल्या कपात म्हणाले,
पण तो पुढच्या ओळीवर गेला होता.