आला का आवाज?

पंधराशे रुपयांचा पट्टा मनगटावर,
एकदा बांधला की कात्रीशिवाय सुटत नाही.
गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, द्राक्षमळ्यांपलीकडे,
सपाट केलेल्या रानात तीन मंच
आणि तिन्हींची तोंडं एकमेकांकडे,
भांडायला बसलेल्या जावांसारखी.

शाल्मली म्हणाली, मावशी,
तुझं काय ते साडेपाचला, छोट्या मंचावर.

माझं काय ते:
'तिवडा'. पेठ तालुक्यातले पाच जण.
एक पावरी, एक ढोलकी, गिटारवाले दोन पुतणे,
आणि काशिनाथ भोये, ज्यांच्या मांडीवर काशाची थाळी,
थाळीच्या मधोमध मेणात रोवलेली एक काडी.
बस्स.

करंजाळीच्या शाखेत मी तीन वर्षं कॅशला होते.
शिपाई तुळशीरामचा बाप गेला, तेव्हा दिवसाला गेले.
सारवलेल्या ओट्यावर रात्रभर भोये
काडीवरून बोटं ओढत होते, वरून खाली,
गाय पिळतात तशी,
आणि थाळीतून येत होतं एक
(गुणगुणणं म्हणू? भुंगा म्हणू?)
पिठाच्या गिरणीला म्हातारपण यावं तसं काहीतरी.
गोष्ट मला निम्मीही कळली नाही;
त्यांची बोली कोकणा, माझी मराठी नाशिक रोडची.
पण पहाटे तुळशीराम रडला,
मग उठून गुरं सोडायला गेला.
एवढं कळलं.

पुढे पुतण्यांनी गिटारी आणल्या, नाव ठेवलं,
गाणी फोनवर आली.
आठ वर्षं सातपूरच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आत,
ती थाळी माझ्या एकटीसाठी वाजते.

साडेपाचचे सात झाले.
मधे एका बिल्डरचा सत्कार.
पाण्याची बाटली साठ रुपये, कूपन मात्र शंभराच्या पटीत.
धूळ एवढी की लोक वाइनच्या ग्लासावर रुमाल धरून.
निवेदिका म्हणाली, आता आपल्यासमोर येतोय 'तिढा'.
त्यांनी दुरुस्त केलं नाही.

थाळीला माईक कुठे लावायचा
यातच दहा मिनिटं गेली.
साउंडवाला पोरगा काडीकडे असा बघत होता
की कुणी त्याला उदबत्तीचा आवाज वाढवायला सांगितलंय.
शेजारच्या मंचावरून धप् धप् धप्,
ते थेट बरगडीत.
मी कठड्याला रेलून उभी.
भोयेंची बोटं दिसत होती. वरून खाली. वरून खाली.
ऐकू येत होतं ते आठवत होते,
की आठवत होतं ते ऐकत होते, कुणास ठाऊक.
तिसऱ्या गाण्यात वेळ संपल्याचा लाल दिवा.
मोठा पुतण्या हात जोडून हसला.
पावरीची मोरपिसं वायरीत अडकली होती,
ती सोडवायलाही घाई.

मिसळीच्या रांगेत माझ्यापुढे तेच.
कलाकारांचं जेवण मागच्या गेटला, पोरगा सांगत होता,
आणि तेही संपलंय.
मी माझी दोन कूपनं पुढे सरकवली,
सवयीने अंगठा ओला करून.

थाळी काखेत, जुन्या टॉवेलात.
काडी वरच्या खिशात, पेनाशेजारी.
करंजाळीची बँक म्हटल्यावर नीट पाहिलं मला.
"तुम्ही फाटकी नोट परत करायच्या," म्हणाले,
आणि हसले, खरंच हसले.
मग पाव तर्रीत बुडवताना,
वर न बघता:
"आला का आवाज?"

सव्वीस वर्षं काचेमागे बसून
मी लोकांना खरी शिल्लक सांगत आलेय.
म्हटलं, "आला ना. चांगला आला."

त्यांनी मान हलवली,
बाजारात माणूस फाटकी नोट घेतो तशी:
दिसत असतं,
पण समोरच्याकडे दुसरी नसते.

पार्किंगमधून निघायला दीड तास.
शाल्मली पाठीला डोकं टेकून गप्प.
सातपूरच्या सिग्नलला
मी काही लावलं नाही.