अकराच

विषय क्रमांक सात:
नेत्रावळीची रात्रीची रुग्णवाहिका
सांग्याला हलवण्याबाबत.
तोवर साडेबारा वाजले होते,
विषय क्रमांक चारच्या गटारावर
सगळ्यांचे आवाज खर्ची पडले होते
आणि पॅसेजमध्ये
मिरची-भज्यांचा वास येऊन उभा होता.

इतिवृत्त मी लिहिते. सोळा वर्षं.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कसं बोललं ते नाही.
खोकला, जांभई, मोबाईलवर वाजलेली आरती,
टेबलाखाली चप्पल चाचपणारा पाय,
यांना आवक क्रमांक नसतो.

लेखाधिकारी सरदेसायांनी आकडे वाचले.
खाणी बंद, निधी आटलेला.
डिझेल, दोन पायलट, एक नर्स, टायर.
आणि समोरच्या पानावर
केप्याच्या डायलिसिसच्या दोन खुर्च्या,
तीन महिने बिल थकलेलं.
माणूस वाईट नाही. त्याच्या आईला
त्यातल्याच एका खुर्चीत बसवतात,
मंगळवारी आणि शुक्रवारी.

अध्यक्षांनी विचारलं,
वर्षभरात रात्रीचे रुग्ण किती?
अकरा, आरोग्य अधिकारी म्हणाल्या.
अकराच?

माझं पेन त्या च-पाशी अडलं.

अकरातला एक फोंडू वेळीप,
कुर्ल्या धरायला गेलेला, हातात बॅटरी,
पायाला फुरसं.
एक वेर्ल्याची शेवंती,
जिचं बाळ घाटाच्या चौथ्या वळणावर आलं
आणि पायलटने आरसा वर फिरवून ठेवला.
एक कायतान, रबराच्या मळ्याचा राखणदार,
ज्याचा दम गाडीत बसल्यावरच कमी झाला,
परत उतरतो म्हणाला.
एक तर खोटाच,
पिऊन, घरी सोडा म्हणणारा.
म्हणजे खरे दहाच.
बघा, मीही च लावते.

अकरावा मी सांगत नाही.
कर्मचाऱ्यांचे नातेवाईक
इतिवृत्तात येत नाहीत.

पियेदाद फर्नांडिसबाईंनी विचारलं,
सांग्याहून वेर्ल्याला रात्री किती वेळ लागतो?
कुणीच गेलं नव्हतं रात्री.
सव्वा तास, दारातून शिपाई म्हणाला,
पाऊस नसला तर.
शिपायाला सभेत बोलायचा अधिकार नाही,
म्हणून ते कुणी बोललंच नाही.

हात वर झाले. बाईंचा खाली राहिला.
ठराव बहुमताने संमत.
भजी अजून गरम होती, मीही दोन खाल्ली.

संध्याकाळी टाईप केलं:
वर्षभरात अकराच रुग्ण असल्याचे
मा. अध्यक्षांनी निदर्शनास आणले.
वाक्य शुद्ध होतं.
साहेबांच्या हिरव्या पेनाने
खालच्या ओळीतला एक ऱ्हस्व दीर्घ केला,
सही केली.

पुढच्या महिन्यात
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
मी वाचताना त्या अक्षरावर जरा थांबले,
घोट पाण्याचा घेतल्यासारखी.
पंखा फिरत होता.

आता तो च कायम आहे. फाईल जाड आहे,
वाळवी लागेपर्यंत टिकेल.

परवा नेत्रावळीला गेले होते.
आरोग्य केंद्रापुढे
गाडी उभी राहायची तिथे
सिमेंटवर ऑईलचा काळा डाग.
कुणीतरी तिथे मिरच्या वाळत घातल्यात,
डाग तेवढा सोडून.