वॉर्ड नंबर नऊ, कळवा

डोळखांबच्या दहावी ब,
मागच्या बाकावरच्यांनो, आधी तुम्हीच ऐका.

परवा कळव्याच्या हॉस्पिटलात
बुधीबाई मेंगाळ म्हणाली,
'छातीत उखळ कांडतंय कुणीतरी.'
शिकाऊ डॉक्टरनं लिहिलं : गॅस.

मी शेजारून चाललो होतो. थांबलो.
उखळ मला ठाऊक होतं,
मुसळ खाली यायच्या आधीची
ती पोकळीसुद्धा.
ईसीजी काढायला लावला.
कागदावरही तेच कांडण.

बाई वाचली.
आमच्या आईच्या उखळाला सांगितलं मी घरी जाऊन.

खोटं कशाला बोलू?
दोनदा नीट हुकली माझी,
होस्टेलच्या जिन्यात रडलो,
इंग्रजी पुस्तक उशाला घेऊन झोपलो, तरी डोक्यात शिरेना.

पण ठणका वेगळा, ठसठस वेगळी,
चमक निराळी,
आणि 'काय होत नाय' म्हणत
भिंतीकडे वळणारं माणूस तर फारच निराळं.
हे तुम्हाला न शिकवता येतं.
तिथं शिकवायला कुणी नाही.

प्रणिता खाकर,
अडलेलं करडू फिरवून काढणारे हात
बाकाखाली का लपवतेस?

फॉर्मची शेवटची तारीख फळ्यावर लिहिलीय.
आज वर्ग झाडणाऱ्यांनो,
तेवढी पुसू नका.