सुकतीची फेरी

सिनेमावाल्यांना खरा खलाशी हवा होता,
म्हणून मला घेतलं. दिवसाचे हजार, वर जेवण.
संवाद नाही. फक्त रॅम्प खाली सोडायचा
आणि हिरो उतरताना दुसरीकडे बघायचं.
दुसरीकडे बघणं मला जमतं.
एकवीस वर्षांपूर्वी केरीच्या याच धक्क्यावर
मी तेच केलं होतं.

हिरोला दोन्ही पाय होते.
उजव्याला गुडघ्यापासून खाली हिरवा मोजा,
तेवढा पाय पुढे कॉम्प्युटरवर पुसणार म्हणाले.
सगुण तळकर छत्रीखाली खुर्चीत,
कुबडी कशी धरायची ते शिकवायला नेमलेला.
त्याने मोजेवाल्या पोराला विचारलं,
"पुसलेला पाय जातो कुठे रे?"
पोरगा हसला. सगुणही हसला.
मी साखळीला ग्रीस लावत होतो.

त्यांच्या कागदात तो उतरतो तेव्हा भरती आहे,
सांजवेळ आहे, आई आहे, आरतीचं ताट,
शाळेची पोरं झेंडे घेऊन.
खरा उतरला तेव्हा मंगळवार. सकाळचे साडेनऊ.
सुकती लागलेली, धक्क्यावर शेवाळ.
रेडीपर्यंत एसटी, पुढे कुणाच्या तरी टेंपोतून
तेरेखोलला आलेला.
फेरीबोटीत दोन मोटरसायकली, एक पोदेर,
आणि तिसऱ्यांची टोपली घेऊन एक बाई.
मी साखळी सोडली. रोजच्यासारखीच सोडली.
सुकतीत रॅम्प हातभर जास्त पडतो.
लोखंड काँक्रीटवर असं आदळलं
की पलीकडचे बगळे उडाले
आणि सगुण डेकवर पालथा,
डोकं दोन्ही हातांखाली.
कुबडी घसरत घसरत टोपलीला टेकली.

कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं.
हसले असते तर त्याने शिवी घातली असती,
मी उलटी घातली असती, आम्ही एका बाकावरचे,
आणि तो घरी आला असता.
बाईने कुबडी उचलली, फडक्याने पुसली,
त्याच्या हाताजवळ ठेवली.
मी नदीकडे बघत राहिलो.
नदीत काही नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाला, आवाज येत नाही.
दुसऱ्या टेकला मी साखळी हातावर घेतली, हळू.
तिसऱ्याला आणखी हळू. तळवे सोलले.
"अरे दादा, आदळू दे ना! धाडकन!
त्यावर तर तो पडतो!"
हे कागदावर कुणी लिहिलं?
मी छत्रीकडे बघितलं. सगुण चहा फुंकत होता.
आणखी कोण सांगणार.
एकवीस वर्षांत आम्ही पाऊस बोललो, मासळी बोललो,
आजोबाच्या जत्रेचा हिशेब बोललो,
ही गोष्ट सोडून सगळं.

सातव्या टेकला तो उठला, लंगडत रॅम्प चढून आला,
माझ्या शेजारी कठड्याला पाठ लावून उभा राहिला.
फ्रेममध्ये येत होता. माणसं ओरडली. हलला नाही.
"सोड मरे, शाबी. आपट."

सोडली.

बगळे उडाले. हिरो झकास पडला.
कठड्यावर सगुणची बोटं पांढरी झाली होती,
पण उभा होता.
"आता बरोबर," म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.
तो टेक अर्थात फुकट गेला. आठवा घेतला.

सिनेमा म्हापशाला लागला. धक्का तीन सेकंद,
त्यात माझं कोपर.
पाय मात्र स्वच्छ पुसलेला, मागचं शेवाळसुद्धा दिसतं.
हिरवा मोजा सगुणने मागून घेतला होता.
कधीमधी चांगल्या पायात घालून येतो, दाखवतो:
"बघ, हाही गेला."
आता आम्ही हसतो. शिव्याही घालतो.

सकाळच्या फेरीला मी साखळी अजून हातावरच घेतो.
मोटरसायकलवाले मागून हॉर्न मारतात.
"उशीर होतो रे लोकांना," सगुण म्हणतो
आणि रॅम्प टेकेपर्यंत
जागचा हलत नाही.