उघडं कडं

बर्फ वितळला की देस्नाच्या पुलाखाली
नदी मणी ओकते.
कारखान्याला कुलूप लागून एकोणीस वर्षं झाली,
तरी दर एप्रिलला चिखलात सापडतात
निळे, मधाच्या रंगाचे,
भोक पाडायचे राहून गेलेले आंधळे मणी.
मी गमबूट चढवते, चाळण घेते.
पुलावरून कुणीतरी ओरडतंच,
"क्वेतुशे, पीठ किती निघालं?"

माझं दुकान म्हणजे गॅरेज.
ऐरण सासऱ्याची, कानस सीमेपलीकडच्या पोलिश बाजारातली.
पत्रा मिळेल तो : दाराची पायपट्टी,
बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी.
सोनं मी कधी हातात धरलं नाही.
पितळ उघडं पडायची भीती सोनाराला,
माझं पहिल्यापासून उघड्यावरच.

फेब्रुवारीत बोहुमिर आला.
तान्वाल्दची बस चालवायचा तो.
टोपी काढली नाही, बसला नाही,
खिशातून एक फीत काढून ऐरणीवर ठेवली.
फुलचक्राची, जांभळी.
सोनेरी अक्षरं गळत आलेली,
"तुझा" एवढंच धड वाचता येत होतं.
"हिचं कडं कर. ड्राहोमिरासाठी."

मी मान वर केली नाही.
विचारलं, माप?

त्यानं अंगठा आणि मधलं बोट जुळवलं,
मधे हवेचा एक गोल धरला.
"एवढं."

चाळीस वर्षं स्टीअरिंग धरलेला हात.
गोल जराही हलत नव्हता.
मी आतून दोरा फिरवला :
एकशे एकोणपन्नास मिलिमीटर.
मापात पाप नको, म्हणून पुन्हा फिरवला.
तेवढंच.

पितळ मार खाऊन मऊ होत नाही.
ताठ होत जातं,
आणि तरी ठोकत राहिलात तर तडकतं.
मधे मधे त्याला विस्तव दाखवायचा,
लाली चढू द्यायची, पाण्यात सोडायचं,
ते चरचरून गप्प होईपर्यंत थांबायचं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
तीन कडी तडकली, तेव्हा कळलं.

आंधळ्या मण्यांना दोरा चालत नाही,
बसायला वाटी लागते.
सात वाट्या ठोकल्या, सातांना डाग दिला.
डाग म्हणजे सांधा,
डाग म्हणजे दागिना,
आणि धुऊन जात नाही तोही डागच.
ड्राहोमिरा छत्तीस वर्षं त्या कारखान्यात होती.
यातला एखादा तिच्या हाताखालून गेला असेल,
नसेलही. मी काही बोलले नाही.
फीत आतून लावली,
अक्षरं कातडीकडे.

तो घ्यायला आला.
दोन बोटांचा तोच गोल कड्यात घातला,
बरोबर बसला.
मग कितीतरी वेळ तसाच उभा.
"शेवटी एवढं नव्हतं," म्हणाला,
आणि अंगठा मधल्या बोटावरून सरकत गेला,
नखावरून, पेरावरून,
दुसऱ्या पेराशी थांबला.
"लिबेरेत्सच्या दवाखान्यात, एवढं."

मग कुठलं करू?

किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं.
मला उठून बंदही करता येईना.

शेवटी मीच कडं हातात घेतलं.
कड्याला मागे फट असते, बोटभर,
मनगट आत शिरावं म्हणून ठेवतात.
दाबलं : हे दवाखान्यातलं.
उघडलं : हे आधीचं.
"पण सारखं करू नकोस. पितळ थकतं.
वर्षातून एकदा, फार तर."
त्यानं मान हलवली,
जणू मी औषधाची वेळ सांगितली होती.

पैसे डाव्या हातानं मोजले.
दारही डाव्याच हातानं लोटलं.
उजव्याची दोन बोटं
अजून तशीच जुळलेली.

मी वही काढून नोंद केली :
पितळ, सात मणी, मजुरी दीड दिवस.
फीत आणि माप गिऱ्हाइकाचं.